वाटीच्या मापाचं चाक

बाजारहत्नूर,
१४ सप्टेंबर १९८८

चि. वामनभावजी यांस रेणुकावहिनीचे अनेक आशीर्वाद.

पोळा झाला. आपल्या घरी बैल नाहीत, तरी चंपतनं यंदाही व्हॅन धुतली, तिच्या दिव्यांना बेगड चिकटवली आणि पुढे पुरणपोळी ठेवली. तुमचे दादा असताना करायचे तसंच. ड्रायव्हर असला तरी चंपतला गाडीपेक्षा गुरांचं जास्त कळतं, असं तुमचे दादा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी भांडी भरून बोथच्या बाजाराला निघालो, तर वाटेत मागचं डावं चाक तडकलं. टायर नव्हे, लोखंडी चाकच. भोकांपासून काठापर्यंत चीर गेली. चंपत खाली उतरला, चिरेवर बोट फिरवत म्हणाला, "बाई, हे आता काई खरं नाई. कदीचं सांगून राह्यलं होतं, आमालेच आयकू आलं नाई." बोथला त्या दिवशी ॲल्युमिनियमची, म्हणजे आपली जर्मनची भांडी गेली नाहीत. आम्हीही नाही.

उजवं चाक त्याच वयाचं आहे. बैलबंडीचं चाक आपण कधी एकटं बदलत नाही, जोडीनंच बदलतो. तेव्हा दोन चाकं लागतील. आदिलाबादेत विचारलं. ही गाडी बनवणाऱ्या मद्रासच्या कंपनीनं हे मॉडेल केव्हाच बंद केलं, असं दुकानदारानं मला सांगितलं आणि वर हसला. हैदराबादेत जुन्या लोखंडाच्या बाजारात सगळं मिळतं म्हणतात. तुम्ही तिथे आहात, म्हणून लिहिते.

घाई का, ते तुम्हाला ठाऊक आहे. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत आपल्या भांडीवाल्यांच्या ओळीचा रिवाज तुम्ही मामंजींच्या मागे फिरून पाहिला आहे. पुष्य अमावास्येच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ज्याच्या स्वतःच्या गाडीचं चाक जागेवर टेकलं, त्याची जागा राहिली. दुसऱ्याकडून मागून आणलेली गाडी चालत नाही. चाक नाही टेकलं तर जागा दुसऱ्याला जाते आणि मग ती परत मागायची नसते. चिंचेखालची आपली जागा गेली तर आठवडी बाजारांच्या विक्रीवर माझं घर चालणार नाही. मला तुमच्याकडे राहायला यावं लागेल. तुम्ही आणि वनमाला चांगली माणसं आहात. पण मला यायचं नाही.

सौ. वनमालेस आशीर्वाद.

तुमची वहिनी,
रेणुका


हैदराबाद,
२८ सप्टेंबर १९८८

ती. गं. भा. वहिनींस वामनचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून खेद झाला, परंतु आश्चर्य वाटलं नाही. ती गाडी दादानं घेतली तेव्हाच जुनी होती.

चाकाबाबत आपण लिहिलं आहे की 'दोन चाकं लागतील'. एवढ्या माहितीवर चाक मिळत नाही. पाटबंधारे खात्यात हेड ड्राफ्ट्समन म्हणून मी रोज जे नकाशे तपासतो, त्यांत कोणी 'एक धरण लागेल' असं लिहीत नाही. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. चाकाला भोकं किती आणि त्यांच्यातलं अंतर किती. मधलं मोठं भोक किती रुंद. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाकाची खोली. चाक आतली बाजू वर करून जमिनीवर आडवं ठेवलं, तर भोकांचा मधला पत्रा काठापासून किती खाली आहे, ते. भोकं जुळली आणि खोली चुकली तर चाक बसल्यासारखं दिसतं आणि पुढे फसवतं. 'अंदाजे', 'साधारण', 'वीतभर' हे शब्द वापरू नयेत.

राग मानणार नसाल तर एक सुचवतो. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. जंगलातल्या रस्त्यांनी, बाजारांतून, आपण एकट्या भांडी विकत फिरता हे मला बरं वाटत नाही. आमची मागची खोली रिकामीच आहे. गाडी विकून इकडे या. वनमालाही हेच म्हणते.

आपला,
वामन


बाजारहत्नूर,
२३ ऑक्टोबर १९८८

चि. वामनभावजी यांस आशीर्वाद.

इथले शामराव गुरुजी मुलीकडे हैदराबादेला निघाले आहेत. त्यांच्याकडे हे पत्र आणि तुरीची डाळ दिली आहे. तुम्ही मागितलेलं माप दसऱ्याच्या दिवशी घेतलं. चंपत आणि त्याची बायको गयाबाई, दोघांनी मिळून घेतलं. भोकं, अंतर, खोली, सगळं त्यात आहे. कुठेही अंदाज नाही, जे आहे ते आहे तेवढंच. डाळीच्या पिशवीत अगदी वर ठेवलं आहे. त्याला पाणी लागू देऊ नका.

मी सध्या टोपली डोक्यावर घेऊन गावातल्या गावात बसते. बसमध्ये पातेली घेऊन चढले तर कंडक्टर माझ्याकडे बघतो, मग पातेल्यांकडे बघतो, आणि सीट नाही म्हणतो. उटनूरच्या बाजाराला पोळ्यापासून गेले नाही. तिथल्या बायका विचारत असतील.

तुमच्या मागच्या खोलीबद्दल वाचलं. वनमाला हेच म्हणते असं तुम्ही लिहिलं आहे. तिनं स्वतः लिहिलं तर बरं.

रेणुका


हैदराबाद,
२१ नोव्हेंबर १९८८

ती. वहिनींस सा. नमस्कार.

शामराव गुरुजी डाळ देऊन गेले. प्रसादही पोचला, वनमालेनं देवघरात ठेवला. डाळ उत्तम आहे. माप मात्र मिळालं नाही. पिशवी दोनदा उलटी केली, गुरुजींच्या मुलीकडेही जाऊन आलो. कागद कुठेच नाही. गडबडीत टाकायचा राहिला असेल. असो.

दिवाळी झाली तरी आपलं काम राहिलं, हे मनाला लागलं. म्हणून अधिक वाट न पाहता मी स्वतः निर्णय घेतला. आमच्या ऑफिसजवळच्या गॅरेजमध्ये त्याच कंपनीची जरा पुढची व्हॅन उभी असते. दादाच्या गाडीला पाच भोकं होती हे मला पक्कं आठवतं, आणि हिलाही पाचच. तिची दोन चाकं मिळवून बसच्या टपावरून पाठवली आहेत. रंगही दिला आहे.

दुसरं म्हणजे, आदिलाबादचे हणमंतराव भांडीवाले इकडे आले होते ते आवर्जून ऑफिसात भेटले. दादाचे जुने स्नेही, 'तुम्ही उद्धवरावचे भाऊ ना?' म्हणाले. फार सज्जन माणूस. गाडी आहे त्या स्थितीत घ्यायला तयार आहेत. मोडकी गाडी इतक्या आपुलकीनं मागणारा दुसरा मिळणार नाही. मी त्यांना येऊन पाहून जा म्हटलं आहे. आल्यास चहा द्यावा.

आपला,
वामन


बाजारहत्नूर,
६ डिसेंबर १९८८

चि. वामनभावजी यांस आशीर्वाद.

चाकं आली. रंग छान आहे. पाचही भोकं बरोबर बसली. चंपतनं नट आवळले आणि आम्ही गावाला एक फेरी मारली. चाक बाहेरच्या अंगाला दोन बोटं जास्त आलेलं दिसत होतं, पण गाडी चालली. मग भांडी भरली. गाडी खाली बसली आणि मडगार्डची कड टायरला कापायला लागली. भांडी उतरवली, कापायची थांबली. चढवली, पुन्हा सुरू. म्हणजे ही चाकं रिकाम्या गाडीला बसतात. रिकामी गाडी घेऊन मी जत्रेत काय करू, ते कळवावं.

एक चाक सध्या रांजणाखाली ठेवलं आहे. रांजण आता डगमगत नाही. दुसरं चंपतच्या कडब्याच्या गंजीवर वजन म्हणून आहे. तुमचं काहीच वाया गेलेलं नाही.

तुमचे सज्जन हणमंतराव येऊन गेले. चहा दिला. भावजी, जो माणूस गाडी घ्यायला येतो तो गाडीखाली वाकतो, टायर दाबतो, इंजिनला नावं ठेवतो. हे गाडीकडे पाठ करून बाजेवर बसले. "आता कायले तरास घेता बाई, जत्रेत दोन दोन दिवस धुळीत बसून राह्यता," म्हणाले. मग गाडी अमावास्येपर्यंत नीट होईल का, एवढंच दोनदा विचारलं. मी म्हटलं, "तुमाले काऊन पाह्यजे?" तर म्हणे काळजी वाटते. जत्रेत त्यांचं दुकान ओळीच्या शेवटी, उन्हात असतं. चिंच आपल्याकडे आहे. मी एवढंच लिहिते.

मला राग आला आहे, तोही लिहून ठेवते. माझी गाडी बघायला माणूस पाठवायचा आणि मला नंतर पत्रानं कळवायचं, हे तुमचे दादा असते तर तुम्ही केलं नसतं.

आणि माप मी पाठवलं होतं. कागद कशाला असेल? दसऱ्याला गाडीची पूजा झाली, तेव्हा चंपतनं जुनं चाक सोडवून आडवं ठेवलं. गयाबाईनं कुंकू पाण्यात कालवून भोकांच्या कडांना लावलं. मी कुंकवाला हात लावत नाही, म्हणून तिला बोलावलं होतं. त्यावर कोरा मांजरपाट दाबून ठसा घेतला, घर बांधताना भिंतीवर हाताचे घेतात तसा. खोलीचं माप कापडाच्या कडेला कोळशाच्या रेघेनं ओढलं. रेघ जेवढी लांब तेवढं चाक खोल. ते कापड कुठे आहे?

रेणुका


हैदराबाद,
२३ डिसेंबर १९८८

ती. गं. भा. जाऊबाईंस वनमालेचा शिरसाष्टांग नमस्कार.

कापड देवघरात आहे. दोष माझा आहे, म्हणून मीच लिहिते.

पिशवी मी उघडली. वरच कुंकवाचे पाच ठसे, मध्ये गोल, कोऱ्या कापडावर. दसऱ्यानंतर आलेलं. मला वाटलं, तिकडच्या एखाद्या देवीचं पाऊल असेल. विचारायला हवं होतं, पण आपल्या गावाकडच्या देव्या मला सगळ्या माहीत नाहीत आणि तसं कबूल करायची लाज वाटली. मी कापड चौरंगावर अंथरलं. कडा सुटत होत्या म्हणून दुमडून टीप मारली आणि भोवती लेस लावली. कोळशाची रेघ पाहिली होती. डाग समजून आधी साबणानं काढली. फार नीट निघाली.

मग मार्गशीर्षातले गुरुवार आले. बिल्डिंगमधल्या बायका येतात. प्रत्येकीनं पाचही ठिकाणी कुंकू वाहिलं. देशपांड्यांच्या सुनेला पाच ठशांत एक जागा रिकामी वाटली, तिनं तिथेही वाहिलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी फुटपट्टी घेऊन देवघरात बैठक मारली. आता तिथे भोकं नाहीत, एकच मोठा लाल चंद्र आहे. हे कडेकडेनं फुटपट्टी सरकवत म्हणाले, "रेघ कुठे आहे?" मी सांगितलं. ह्यांनी फुटपट्टी पुसून ठेवून दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

आमच्या मागच्या खोलीबद्दल तुम्ही विचारलं होतं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनी मला विचारलंच नाही. खाट मात्र आणून टाकली आहे, नवीन गादीही. रोज ऑफिसातून आले की त्या खोलीत एकदा डोकावतात. त्यांना खरंच वाटतं की तुम्ही तिकडे हाल काढत आहात आणि भाऊ असून आपण काही करत नाही. ते वाईट नाहीत. पण बाई, तुम्ही इथे आलात तर दिवसभर काय कराल, हा विचार माझ्या मनात येतो. मी काय करते ते मला ठाऊक आहे.

तुम्ही जत्रेला जा. माप परत पाठवा. या वेळी मी कशालाही कुंकू लावणार नाही.

तुमची,
वनमाला


बाजारहत्नूर,
३ जानेवारी १९८९

चि. सौ. वनमाला हिस अनेक आशीर्वाद. हेच पत्र भावजींनी वाचावं.

वनमाला, तू लेस लावलीस यात तुझं काय चुकलं? कोणी आपल्याला कुंकवाचे ठसे पाठवले तर आपण पूजाच करू. मी चिठ्ठीत नीट लिहायला हवं होतं. चंपत हे ऐकून हात जोडून म्हणाला, "आपल्या गाडीचं नशीब, हैद्राबादेत देव्हाऱ्यात बसून राह्यली."

भावजी, तुमचं एक बरोबर होतं आणि ते मी मान्य करते. तुम्ही खोलीचं सगळ्यांत आधी बजावलं होतं. भोकं तुमच्या आठवणीनं जुळली, खोलीनं दगा दिला. आता फक्त खोलीचंच माप हवं आहे. ते रेघेचं नको, पुसता येणार नाही असं पाठवते.

सोबत एक वाटी आहे. आपल्या मालातलीच, जर्मनची. जुनं चाक आतली बाजू वर करून ठेवलं, मधल्या पत्र्यावर ही वाटी पालथी घातली, आणि लोहाराकडून तिची कड घासून घेतली, तिचं बूड चाकाच्या काठाच्या बरोबर रेषेत येईपर्यंत. तुम्ही पाठवलेल्या चाकात ठेवली तर ती काठाच्या वर दोन बोटं राहते. तेव्हा पाच भोकांचं, याच रुंदीचं जे चाक ही वाटी पुरती पोटात घेईल, ना वर ना खाली, ते आपलं. ही वाटी देवाजवळ ठेवू नये, तिच्यात काही वाढू नये. कड कापते.

अमावास्या सहा फेब्रुवारीला आहे. पाच तारखेला सूर्य मावळायच्या आत चाक टेकलं पाहिजे.

खाटेबद्दल कळलं. गादी आणली हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भावजी, माझे हाल होत नाहीत. उटनूरच्या बाजारात मला नावानं हाक मारणाऱ्या बायका आहेत. मुलीच्या लग्नाची भांडी माझ्याकडूनच घ्यायची म्हणून त्या थांबतात. दादा गेले तेव्हा सुतकानंतर मी पहिल्यांदा बाजाराला गेले, तर त्या रांगेनं येऊन बसल्या आणि कोणी काही घेतलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. हे सोडून मी मागच्या खोलीत का राहू?

रेणुका


हैदराबाद,
२७ जानेवारी १९८९

ती. वहिनींस सा. नमस्कार.

वाटी पोचली. चाकं मिळाली. मधला तपशील थोडक्यात देतो.

जुन्या लोखंडाचा बाजार मोठा आहे. मी सलग तीन रविवार आणि एक किरकोळ रजा खर्ची घातली. पहिल्या दुकानात मी वाटी पुढे केली, तर दुकानदार म्हणाला, "आगे जाओ बाबा." मी सरकारी नोकर आहे असं सांगितलं. त्यानं वाटीत चार आणे टाकले. ते परत करताना बराच वेळ गेला. दुसऱ्यानं तेल मागायला आलो असं समजून तेलाचा डबा आणला. तिसऱ्या रविवारी मात्र सगळ्या ओळीला मी माहीत झालो होतो. मी दिसलो की "कटोरी साब आ गए" अशी हाक फिरायची आणि चाकं आधीच उताणी मांडून ठेवलेली असायची. माझ्या आयुष्यात माझी इतकी वाट कोणी पाहिली नव्हती.

वाटी कुठे वर राहायची, कुठे बुडायची. वनमालेनं हट्टानं शेवटच्या रविवारी सोबत यायचं ठरवलं. एका दुकानाच्या मागे गंजलेल्या ढिगात तिनं स्वतः वाटी ठेवली आणि बाजूला झाली. बूड आणि काठ एका रेषेत. मी फुटपट्टी आडवी ठेवून पाहिली. खालून उजेड दिसत नव्हता. जोडीचं दुसरंही त्याच ढिगात निघालं. वहिनी, मी तीस वर्षं रेषा ओढतो आहे, पण बरोबर आहे हे दिसत असूनही एखादी रेषा पुन्हा पुन्हा तपासावी असं याआधी वाटलं नव्हतं.

चाकं मी स्वतः घेऊन येतो. रजा मंजूर आहे. तीन तारखेच्या बसनं निघेन, चारला पोचेन.

हणमंतरावांचं पत्र आलं होतं. आपली खुशाली आणि गाडी वेळेवर होईल का, एवढंच विचारलं होतं. मी प्रामाणिकपणे कळवलं की चाकं अजून माझ्याकडेच आहेत, चारला पोचवीन, पण बसचा काही भरवसा नाही. ते इतकी चौकशी करतात याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आपला,
वामन


बाजारहत्नूर,
१२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. वनमाला हिस अनेक आशीर्वाद.

भावजी काल सुखरूप निघाले. ते तुला सांगतीलच, पण ते आकडे सांगतील, म्हणून मी लिहिते.

चार तारखेला आम्ही वाट पाहिली. भावजी आले नाहीत. बस निर्मळच्या अलीकडे बंद पडली होती, हे नंतर कळलं. पाच तारखेच्या सकाळीही पत्ता नाही. गाडी लाकडाच्या ओंडक्यावर उभी, भांडी बांधून तयार, आणि चंपत दारात बसून नुसता रस्त्याकडे बघतो. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. रांजणातून गडू भरताना खाली नजर गेली.

मी चंपतला हाक मारली. "चंपत, रिवाजात काय म्हटलं आहे? गाडी टेकली पाह्यजे का चाक?"

चंपतनं विचार केला. "चाक म्हंतेत बाई. गाडीचं नाव घेत नाईत."

"सोताच्या गाडीचं चाक."

"हे तर आपल्याच गाडीसाठी घेतलं हाय."

आम्ही रांजण उतरवला, गंजीवरचं दुसरं काढलं, आणि चंपत दोन्ही चाकं घेऊन बसच्या टपावर चढला. ऊन असतानाच त्यानं ती चिंचेखाली मांडली आणि एकावर बसून राहिला. हणमंतरावाची बंडी तोवर तिथे उभी होतीच, दोर बांधून झाले होते. तुझ्या नवऱ्याच्या प्रामाणिक पत्रानं त्यांना वेळ बरोबर कळली होती. चंपत सांगतो, भांडण झालं. ओळीतले सगळ्यांत म्हातारे दादाजी आले, दोन्हीकडची चाकं पाहिली आणि म्हणाले, "उद्या घरची मानसं येऊ द्या. मग पाहू."

भावजी पाचच्या दुपारी उशिरा पोचले, धुळीनं माखलेले, दोन्ही हातांत दोन चाकं. बसची सगळी हकीकत सांगायच्या आधी ते गाडीखाली शिरले. त्यांनी आणि लोहारानं मिळून चाकं चढवली. मग भांडी भरली. गाडी खाली बसली. आम्ही सगळे मडगार्डकडे बघत होतो. टायर आणि कड यांच्यात बोट गेलं. भावजींनी चारही बाजूंनी बोट घालून पाहिलं, मग माझ्याकडे बघून हसले. दादा असेच हसायचे.

उजाडताच निघालो; चंपत तिकडे होता, म्हणून गाडी लोहारानंच चालवली. वाटेत मी त्यांना हणमंतरावाचा डाव उघड सांगितला. जत्रेच्या बंड्या दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी त्यांना तारीख कळवली." मी म्हटलं, "हो."

चिंचेखाली पंच जमले होते. हणमंतरावांनी सुरुवात केली. "ही चाकं उद्धवरावच्या गाडीची नाईतच. तिले बसत बी नाईत. इचारा पाह्यजे तर." सगळे भावजींकडे वळले. शिकलेला माणूस, सरकारी, शिवाय सख्खा भाऊ. वनमाला, मी खरंच घाबरले. तो माणूस खोटं बोलत नाही, आणि बसत नाहीत हे खरं होतं.

भावजी पुढे आले. "बसत नाहीत," ते म्हणाले. "मी स्वतः घेतली आणि माझं माप चुकलं. पण ती या गाडीसाठी घेतलेली, या घरातली, वहिनींच्या मालकीची आहेत. बसणारी चाकं मी काल आणली, ती गाडीला लावली आहेत. यांच्याकडे दोन चाकं जास्तच आहेत."

दादाजींनी गाडीकडे पाहिलं, खालच्या चाकांकडे पाहिलं. "चाक टेकलं होतं," म्हणाले. "वेळेत टेकलं होतं." मग दरवर्षीसारखं ओळीला ऐकू जाईल असं विचारलं, "बोला, जागा कोनाची?"

दरवर्षी चंपत ओरडायचा, उद्धवरावची. दादा गेल्यावरही तेच. मीही कधी काही म्हटलं नव्हतं. या वेळी चंपतनं तोंड उघडायच्या आत भावजी मोठ्यानं म्हणाले, "रेणुकाबाईंची."

मला रडू आलं. भांडी पुसायचं फडकं हातात होतं त्यानंच डोळे पुसले, आणि दिवसभर तोंडाला काळं लागलेलं होतं ते मला कोणी सांगितलं नाही. हणमंतरावांनी दोर सोडले. जाताना त्यांना चहा दिला.

भावजी दोन दिवस माझ्या शेजारी त्या न बसणाऱ्या चाकावर बसले. पातेल्याचं झाकण बसतं का हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनतीनदा फिरवून दाखवायचे. विक्री हळू झाली, पण एकही झाकण परत आलं नाही. एका कोलाम बाईनं ती घासलेली वाटी हातात घेऊन दर विचारला. भावजींनी तिच्या हातातून ती हळूच काढून खिशात घातली. तुमच्याकडे आली असेल.

खोलीतली खाट मोडू नकोस. पाऊस लागायच्या आत मी एकदा तुमच्याकडे येईन म्हणते. राहायला नाही, भेटायला, चार दिवस. तुला तो लोखंडाचा बाजार पुन्हा दाखवायला सांगेन. बसनं येणार नाही. चंपत म्हणतो, हैदराबादेपर्यंत आता चाकांचं काही भेव नाही.

तुझी,
रेणुका